करंगळीपर्यंत गेलेली कळ

शिवणकाम करणाऱ्या मावशींचं उजवं मनगट मोडलं होतं. ऑपरेशनसाठी पूर्ण भूल द्यायची नाही, काखेत इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करायचा, असं ठरलं. गुंगीचं औषधही मी मुद्दाम दिलं नाही. पेशंट बोलता हवा; सुई मज्जातंतूत शिरली तर ते सगळ्यात आधी त्यालाच कळतं.

"थोडंसं दुखेल हं मावशी. सहन करायचं." लेकीला लस देताना म्हणते, तस्संच म्हणाले मी.

"अगं पोरी, चार बाळंतपणं काढलीत. तुझ्या सुईचं काय घेऊन बसलीस!"

सिस्टर खुदकन हसल्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक दिसत होतं. औषध सोडताना मावशींचा खांदा जरासा दचकला.

"बऱ्या आहात ना?"

"हो हो, चालू दे तुझं."

मी चालू दिलं.

भूल उतरली, बोटं एकेक करून जागी झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी पलंगाशी बसून विचारलं, "इंजेक्शनच्या वेळी काही झालं होतं का?"

"झालं की! काखेतून करंगळीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ. पण तू म्हणालीस सहन कर, म्हणून दात आवळून पडले. हलले असते तर तुझा हात चुकला असता ना?"

"तेव्हा ओरडायला हवं होतं, मावशी. मी लगेच थांबले असते. आणि हे आधी सांगणं माझं काम होतं. चूक माझी आहे."

त्यांनी डाव्या हातानं ती दोन बोटं चिमटीत धरून पाहिली. "मग कापड कशानं धरू मी?"

"बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं," मी म्हणाले. आणि मन घट्ट करून पुढचंही सांगितलं, "काहींचं नाही सुधारत."

आता प्रत्येकाला आधी बजावते: कळ आली तर बिनधास्त ओरडा. परवा एक ड्रायव्हर असा काही ओरडला की सिस्टरांच्या हातातला ट्रे पडला. मी सुई मागे घेतली. त्याचा हात संध्याकाळी ठणठणीत होता.

सातव्या आठवड्यात मावशी तपासायला आल्या. स्वेटरची बटणं सुनेनं काढून दिली.

"मशीन हिला दिलंय. वेडंवाकडं शिवते, पण शिकेल."

मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि करंगळीवरून कापूस फिरवला. खालून वर, पुन्हा खालून वर.

मावशी डोळे मिटून वाट बघत होत्या.

"कर ना गं सुरू," त्या म्हणाल्या.