अनुभवी खेळाडू

व्यावसायिक रग्बी लीगचा नवा संघ उभा राहणार आणि त्याची निवड चाचणी त्याच्याच गोरोका शहरात होणार, हे कळल्यापासून केपा बाजारात सुपारी कमी विकत होता आणि सल्ले जास्त वाटत होता. तरुणपणी तो गावच्या संघातून खेळला होता. "नव्या संघाला अनुभवी माणूस लागतोच," असं तो म्हणायचा. पोटाचा विषय कुणी काढत नसे, कारण ते त्याच्याआधीच समोर येई.

चाचणीला तो खरंच रांगेत उभा राहिला. शेजारी मुलींच्या संघासाठीच्या रांगेत त्याची भाची मोरोफा होती.

"काका, प्रेक्षक तिकडे बसलेत," निवड करणारा म्हणाला.

"मी खेळाडू आहे."

"बरं. चेंडू घेऊन पळा. कुणीतरी अडवा रे यांना."

वडीलधाऱ्याला पाडायचं कसं, म्हणून पोरं अडखळली. शेवटी मोरोफाच पुढे आली. "मामा, रागावू नकोस हं."

"ये गं! माझ्याच हाताखाली शिकलीस ना?"

केपा सुटला. भाचीचा खांदा कमरेत बसला आणि मामा चिखलात उताणा पडला. कुंपणावर चढलेली माणसं आनंदाने ओरडली. निवड करणारा धावत आला, तो थेट मोरोफाकडे. "कुणी शिकवलं हे?"

"मामाने."

"पाडायला शिकवलं," केपा खालून कण्हत म्हणाला, "चुकवायला मी स्वतःच शिकलो नाही."

मुलींच्या संघात मोरोफाची निवड झाली. दुसऱ्या दिवशी कंबर धरून सुपारी विकताना केपा ज्याला त्याला अभिमानाने सांगत होता, "पोरगी गेली व्यावसायिक संघात, तीही माझ्या अंगावरून!"