बुटकीची ओढ

लांबी चोवीस मीटर, रुंदी नऊ, ओढ तीस टन. कागदावर बुटकी एवढीच. बंदरात मात्र तिचा तोरा पाहावा! डोंगराएवढं जहाज तोंडाशी येऊन अडलं की ही ठेंगणी टगबोट त्याच्या कुशीला नाक लावणार, हळूच वळवणार, चुचकारत धक्क्याला आणून निजवणार.

आज तिचीच परीक्षा होती. धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला दोर बांधून ओढायचं. तीस टन भरले तर बंदरात राहायचं, नाहीतर भंगारात जायचं.

सुकाणूवर सासरे, खाली इंजिनात जावई. दोघांत तेल कमी, धूर जास्त.

परीक्षक बाईंनी दोराला ओढ मोजणारा ताणकाटा जोडला. "दोर पुरेसा सोडलाय ना?"

"बाई, जन्म गेला दोर धरण्यात," सासरे म्हणाले.

धक्क्याला पाठ करून बुटकी गुरगुरली, थरथरली, फेसाळली. काटा सव्विसावर अडला.

"जावईबापू, जोर फक्त ताटावर का?" सासरे खाली ओरडले.

"इंजिन जीव तोडून पळतंय, मामा!"

"आणखी एकदाच," बाई म्हणाल्या. "मग आकडा कायम."

सासऱ्यांनी सुकाणूवरून हात फिरवला, आजारी गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. पुन्हा पुरता जोर लावला. काटा तिथंच.

जावई तेलकट हात पुसत वर आला, मागच्या कठड्याशी वाकला. पंख्यानं मागे फेकलेलं पाणी धक्क्याच्या भिंतीवर आपटत होतं आणि उलटून बुटकीच्याच अंगावर येत होतं.

"मामा, दोर केवढा सोडलाय?"

"नेहमीएवढा. आखूड."

"जहाज धरायला ठीक आहे हो! इथं आपलंच पाणी उलटून पंख्यात येतंय, त्याला पकडच मिळत नाही. भिंतीपासून लांब चला."

सासऱ्यांनी आयुष्यभर जहाजं कवेत घेतलेली. हाताला जवळ धरायचीच खोड.

"सोडा दोर," शेवटी ते म्हणाले.

दोर सळसळत गेला, बुटकी लांब गेली, भिंतीजवळचं पाणी निवलं. काटा हलला. अठ्ठावीस... तीस... एकतीस!

बाईंनी धक्क्यावरून हात उंचावला. सासऱ्यांनी टोपी काढून उगाचच काच पुसली.

"डोळे चांगले आहेत तुमचे, जावईबापू."

"तुमची लेक पसंत केली तेव्हाच कळायला हवं होतं!"

"तेव्हा मला शंका होती ती तिच्या डोळ्यांची."

बाहेर एक जहाज भोंगा देत ताटकळलं होतं. बुटकीनं दोर गुंडाळला आणि ठुमकत निघाली.