पेशंट कशी आहे?

इन्क्युबेटरच्या खालच्या कप्प्यात पार मागं सरकवलेली चपटी बाटली वहिनींनी बाहेर काढली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली.

"अगं बाई! काय जोमानं वाढल्यात!"

बाटलीच्या तळाशी कर्करोगाच्या पेशींनी घट्ट पुंजके धरले होते. अंडाशयाची गाठ काढायला पोट उघडलं, की जिथं आतलं अस्तर कापलं-खरवडलं जातं नेमक्या तिथंच उरल्यासुरल्या पेशी का चिकटतात, या एका प्रश्नामागं वहिनींनी उमेदीची वर्षं घातली होती. उंदरांमध्ये त्यांनी ते दाखवूनही दिलं होतं. माणसांच्या पेशी मात्र बाटलीत जगवताना नाकी नऊ यायचे. बहुतेक नमुने रुजण्याआधीच मान टाकायचे. आणि इथं एवढं पीक आलेलं, तरी कुणी चकार शब्द काढला नव्हता. नवा नमुना आला की पहिली नजर वहिनींची, हा तर प्रयोगशाळेचा रिवाज होता.

खरं म्हणजे त्या वहिनी फक्त ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनच्या. सख्खा धाकटा दीर नमुने घेऊन यायचा, "वहिनी, वहिनी" करायचा, त्याचं ऐकून सगळ्यांच्याच तोंडी ते बसलं.

"हा कधी आला गं?"

सहकारी मुलगी पलीकडच्या टेबलावर काचेच्या डिशा रचत होती. "तुम्ही रजेवर होतात तेव्हा."

"कुठून काढलाय?"

"पोटाच्या अस्तरावरून. सर्जन सरांनी पाठवला."

"आणि मला सांगायला काय झालं होतं? मी ऑपरेशन होऊन घरी पडले होते, मेले नव्हते."

वहिनींच्या पडेल विनोदालाही ही मुलगी खळखळून हसायची. आज हसली नाही.

"बरं, पेशंट कशी आहे?" वहिनींनी विचारलं. पेशी पाहून झाल्या की हा प्रश्न त्या हमखास विचारायच्या.

"बरी आहे. हिंडते-फिरते. कामावरसुद्धा…"

मुलगी तिथंच अडखळली आणि तिचे डोळे भरून आले.

वहिनींचा हात आपसूक पोटावर, टाक्यांच्या जागी गेला. स्वतःच्या अंडाशयाच्या गाठीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी दिराकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या. पोटात आणखी कुठं काही दिसलं, तर तुकडा प्रयोगशाळेला द्यायचा आणि आपल्याला खरं सांगायचं. त्यानं हातात हात घेऊन दोन्ही कबूल केलं होतं. शुद्धीवर आल्यावर म्हणाला होता, "साफ निघालं, वहिनी. दुसरीकडं कुठंही काही नाही." त्या बोलण्यावर विश्वासून त्या पुन्हा कामाला लागल्या होत्या, पुढच्या वर्षीचे बेत आखत होत्या.

त्यांनी फोन उचलला. "छोट्या, असशील तसा इकडं ये."

पन्नाशीचा, टक्कल पडलेला छोट्या धापा टाकत आला. बाटलीकडं त्याची नजर गेली आणि तो स्टुलावर बसला.

"तुकडा पोचला," वहिनी म्हणाल्या. "खरं सांगायचं राहिलं का?"

"दादानं शपथ घातली, वहिनी. म्हणाला, तिला कळलं तर ती हाय खाईल."

"दादा घाबरट आहेच. तू डॉक्टर ना?"

"मी तुझा दीरही आहे."

"मग तुकडा कुणी पाठवला? दिरानं की डॉक्टरनं?"

मुलीनं पाठ फिरवून डोळे पुसले.

"हे लपवण्यात किती दिवस वाया घालवलेत, कळतंय का तुला?"

"एकही नाही, वहिनी! तुझ्या गळ्याशपथ. औषध पहिल्यापासून चालू आहे." बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

वहिनींनी स्वतःचे तळहात उलगडून पाहिले. कातडीचे पापुद्रे निघत होते, कर्करोगाच्या गोळ्यांनी निघतात तसे. अशक्तपणानं होतं, असं सांगून नवऱ्यानं मलम आणून दिलं होतं. जन्मात कधी स्वतःचं पाणी स्वतः न घेतलेला तो माणूस हल्ली ताकदीच्या गोळ्या हातावर ठेवायचा आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत समोर उभा राहायचा. कामावर निघताना एक पर्समध्येही टाकायचा. या वयात नवरा सुधारला, असं त्या कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. इतकी वर्षं याच दुखण्याचा अभ्यास केला आणि दिव्याखाली अंधार! पेशींचा त्यांना राग आला नाही. पसरणं हा त्यांचा धर्मच. पण घरच्यांनी एकत्र बसून, ठरवून आपल्याला फसवलं, हे काही केल्या गिळवेना.

"आपण उंदरांना औषध कसं देतो गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"दाण्यात कालवून," ती पुटपुटली.

वहिनींनी पर्समधून कागदाची पुडी काढली. दुपारची गोळी तळहातावर घेतली.

"नाव काय हिचं?"

छोट्यानं सांगितलं.

"दिवसाला किती? आणि किती दिवस?"

तेही त्यानं खालमानेनं सांगितलं. वहिनींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायल्या. छोट्याचा जीव भांड्यात पडला.

"शहाणी आहेस, वहिनी. आणि रोज घेतच होतीस की."

"मी घेतली ती फक्त ही," वहिनी म्हणाल्या. "आधीच्या तुम्ही चारल्यात."