निळीखालचं पांढरं

यांच्या टाचेवर काळा डाग दिसला, तेव्हा आम्ही दोघांनीही तो निळीचाच धरला. रंगाऱ्याच्या घरात डागाला कोण भितं? वर्षभर मी तो दगडाने घासत राहिले. मग तो चिघळला आणि तोकुशिमाच्या दवाखान्यात त्याला मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, हे नाव मिळालं. टाचेचं मांस काढलं, तोवर रोग जांघेतल्या गाठीपर्यंत चढला होता.

त्या दिवशी मी चहा सोडला. आमच्याकडे असंच मागतात. आवडीची एक गोष्ट देवापाशी ठेवायची, मागितलेलं मिळेपर्यंत तिला शिवायचं नाही. आमचं घर अठ्ठ्याऐंशी देवळांच्या पायी यात्रेच्या वाटेवर. पांढऱ्या कपड्यांतल्या यात्रेकरूंना ओट्यावर चहा द्यायचा, हा माझा रोजचा नेम मात्र चालूच राहिला. त्यांना चहा ओतायची आणि आपण कोमट पाणी प्यायची.

"वासावरच झिंगतेस की काय, मिसाओ?" हे चिडवायचे.

"तुम्ही बरे व्हा, मग बघा. किटलीच तोंडाला लावते."

दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध जायचं. कुसुनोकी डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, हे औषध रोगाला मारत नाही. तुमच्या रक्तात पहारेकरी पेशी आहेत, त्यांना रोगाने गुंगवलंय. औषध फक्त त्यांना जागं करतं."

"म्हणजे माझा रांजणच की," हे म्हणाले. जमिनीत पुरलेल्या रांजणात नीळ जिवंत असते. आंबून वर फेस येईपर्यंत तिची वाट बघावी लागते, घाई केलेली तिला खपत नाही.

चौथ्या सलाइननंतर तपासणीत गाठ मोठी दिसली. "चालू ठेवायचं की थांबवायचं, ते पुढच्या आठवड्यात ठरवू," बाई हळूच म्हणाल्या.

घरी येऊन हे म्हणाले, "थांबवायचं. मी ठरवलंय." आणि आठवडाभर रांजणाकडेही फिरकले नाहीत.

दवाखान्यात जायच्या दिवशी पहाटे मला स्वप्न पडलं. अंगणात पांढरे यात्रेकरू आले. आधी एक, मग दहा, मग मोजता येईनात. पायांचा आवाज नव्हता, नुसत्या त्यांच्या काठ्यांच्या घंटा किणकिणत होत्या. घर भरलं, भिंती भाकरीसारख्या फुगल्या. मी म्हटलं, "अहो, घर फुटेल!" शेवटच्याने माझ्या हातातली किटली घेतली आणि मलाच चहा ओतून दिला. मी प्यायले नाही. स्वप्नातही नेम आठवला.

उठले, बुद्धाचं सूत्र म्हटलं, रंगशाळेत गेले. हे रांजणाशी बसले होते, हात बुडवायच्या बेतात. दवाखान्यात जायच्या आधी हे नेहमी हात निळे करून घेत. पण आठ दिवसांत हातांवरची नीळ फिकी पडली होती आणि बोटांपासून मनगटापर्यंत पांढरे चट्टे उठून दिसत होते. गाठ मारून रंगवलेल्या कापडावर राहतात, तसे.

"हे कधीपासून?"

"दुसऱ्या सलाइनपासून. निळीत झाकतं. डॉक्टरीणबाईंच्या डोक्याला आणखी कशाला ताप?"

"आज हात बुडवायचे नाहीत."

"रंगाऱ्याने फिके हात घेऊन फिरायचं? लोक म्हणतील, धंदा बसला."

चाळीस वर्षांत मी यांच्यावर आवाज चढवला नाही, तेव्हाही नाही चढवला. रांजणावर लाकडी झाकण ठेवलं आणि वर बसले.

"ऊठ गं, नीळ गुदमरेल."

"तुम्ही गाडीत बसा, मग उठते."

दवाखान्यात बाईंनी यांचे हात कितीतरी वेळ धरून ठेवले. "हे आधी का नाही दाखवलंत? कातडीला रंग देणाऱ्या पेशींतूनच हा रोग उगवतो, काका. पहारेकरी उठले की कधी कधी रंगाच्या चांगल्या पेशींनाही धरतात. हे चट्टे ते उठल्याची खूण असू शकतात. थांबायच्या आधी गाठीत सुई घालून बघू."

दहा दिवसांनी त्यांनी निकाल सांगितला. "गाठ फुगलीय ती पहारेकऱ्यांच्या गर्दीने. रोगाच्या पुष्कळ पेशी मेल्यात. बरे झालात असं मी म्हणत नाही हं. पण औषध थांबवायचं नाही."

"किती जण असतील आत?" मी विचारलं.

"मोजता नाही यायचे, काकू."

घरी आल्यावर यांनी स्वतः चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला. "घे. आता तरी."

"बरे झालात असं कुठं म्हणाल्या त्या?"

"हट्टी आहेस."

बाहेर घंटा किणकिणली. मी उठणार, तेवढ्यात हेच कप उचलून लंगडत ओट्यावर गेले आणि त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसापुढे तो धरला. न रंगवलेल्या, उघड्या दोन्ही हातांनी.