दुसऱ्या ठोक्याची साक्ष

मी एक जुनी हातोडी आहे, मित्रांनो, आणि माझ्या मानेला कोर्टाची चिठ्ठी बांधलेली आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना गंज दाखवून रडतात. मला रडायचं नाही. ऐका.

माझं डोकं अरुंद, दोन तोंडांचं. एका तोंडाला चुंबक, दुसरं जड आणि बोथट. खुर्च्या मढवणाऱ्या एका बाईने मला विकत घेतलं. सगळे तिला मावशी म्हणत. ती मूठभर खिळे ओठांत धरायची. चुंबकाने एक उचलायचा, हलक्या ठोक्याने लाकडात उभा करायचा, मनगटातच मला उलटायचं आणि जड तोंडाने दुसरा ठोका. खिळा आत. टक, ठक. सव्वीस वर्षं. नवरा गेला त्या आठवड्यातही ताल चुकला नाही. गिऱ्हाइकं चेष्टा करत, "मावशी, तोंडात खिळे असतात तेवढाच वेळ तुम्ही गप्प!"

एका दुपारी तिचा धाकटा दीर आला. त्याला तिचं दुकान हवं होतं. कागद पुढे करून म्हणाला, "वहिनी, सही कर. बाईमाणसाचं काम आहे का हे?"

मावशीने खिळे गालात सरकवले. "इतकी वर्षं बसायला माझ्याच खुर्च्या चालल्या ना भाऊजी? मग उठा आता."

तो उठला. टेबलावरची रेक्झिनची पट्टी उचलली, मागून तिच्या गळ्यात घातली आणि आवळली. मावशीच्या तोंडातून एकेक खिळा फरशीवर पडत होता. दुसरा कसलाच आवाज नव्हता. तिच्या हाताला माझा दांडा लागला. टक, त्याच्या मनगटावर. ठक, त्याच्या कोपरावर. कोपर मोडलं.

मग हाच माणूस कोर्टात गेला. हात कायमचा अधू झाला, भरपाई द्या म्हणाला. रक्कम अशी, की दुकान विकल्याशिवाय भागणार नाही. गळा आवळून मिळालं नाही ते दावा लावून मागितलं!

त्याच्या वकिलाने मला उचलून न्यायाधीशांना दाखवलं. "मनगटावरची खूण लहान, कोपरावरची मोठी. म्हणजे बाईंनी मध्ये हातोडी उलटली. पहिला ठोका जीव वाचवायला मारला, कबूल. पण तेवढ्यात माझ्या अशिलाने पट्टी सोडली होती. उलटायला वेळ होता तर विचार करायलाही होता. दुसरा ठोका रागाचा आहे."

न्यायाधीशांनी मावशीला विचारलं, "पट्टी सुटली होती का?"

"माहीत नाही, साहेब. डोळ्यांपुढे अंधार होता."

मला माहीत होतं. पट्टी त्याच्या मुठीतच होती. पण हातोडीला कोण विचारतो?

न्यायाधीशांनी एक फळी आणि वाटीभर खिळे मागवले. "ठोका बाई. आणि मी विचारतो त्याची उत्तरं द्या." भावंडं किती? काम कोणी शिकवलं? मावशी त्यांच्याकडे बघून बोलत होती. खाली टक, ठक चालू होतं. बाराव्या खिळ्याच्या पहिल्या ठोक्यावर ते एकदम ओरडले, "थांबा!"

दुसरा ठोका पडून गेला होता.

मावशी आपल्या हाताकडे बघत राहिली. दावा फेटाळला गेला. निकालात लिहिलं, की हे दोन ठोके म्हणजे सवयीची एकच हालचाल आहे, गळा आवळला जात असताना माणूस ठोके तोलून मारू शकत नाही, आणि या बाईने गरजेपेक्षा जास्त बळ वापरलेलं नाही.

तेव्हापासून मी कोर्टाच्या फडताळात आहे. ती पट्टीही शेजारीच आहे. जेवणाच्या सुट्टीत कुलूप लागलं की ती हळूहळू सरकते आणि माझ्या दांड्याला वेढे घालते. कारकून येऊन सोडवतो. "कोण खेळतं रे याच्याशी?" म्हणून खेकसतो. किल्ली फक्त त्याच्याकडे असते.

एकदा मावशी मला न्यायला आली. कारकुनाने मला पुढे केलं. "घ्या मावशी. इथे सही करा."

तिने हात पदराखाली घेतला. "ही माझी नाही."

"अहो, चिठ्ठीवर नाव तुमचंच आहे की!"

"असेल. साहेब थांबा म्हणाले तेव्हा मी थांबले होते. ही थांबली नाही."

ती निघून गेली. मित्रांनो, ती खोटं बोलणारी बाई नाही. आणि तो ठोका तिने मारला की मी, हे मलाही सांगता येत नाही. पण एक पक्कं सांगते. ती निर्दोष आहे हे ठरवायला तिच्यासमोरच सिद्ध केलं गेलं, की तिचा हात तिचं ऐकत नाही. ज्याने पट्टी आवळली त्याला मात्र कोणी पट्टी आवळून दाखव म्हणालं नाही.

जीव वाचवून आलेल्या माणसाला तुम्ही शंभर प्रश्न विचाराल. विचारा. पण नंतर त्याच्याजवळ बसा, त्याचा हात हातात घ्या आणि हा तुझाच आहे असं त्याला सांगा. मावशीला ते कोणीच सांगितलं नाही.