वायसर फाटलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे, आणि गावातल्या सगळ्या पंपांत न्यायाच्या दारात जाऊन आलेला मीच एकटा. हसू नका. मी चिडलेलो आहे आणि ते लपवणार नाही.

खामगावच्या एका दुकानातून भगवानरावांनी मला आणलं. त्यांचं शेत बुलढाण्याच्या घाटात, जंगलाला अगदी लागून. पहिल्या वर्षी माझं काय कौतुक! कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारणी झाली की मला धुऊन सावलीत ठेवत. पण नव्याचे नऊ दिवस. बॅटरीवर चालणारा पंप आला आणि मी गोठ्यात खताच्या पोत्यांमागे पडलो. पोटातला वायसर फाटला. वायसर म्हणजे एवढीशी चकती, पण ती फाटली की दांडा कितीही हलवा, पाणी नळीतून न जाता माणसाच्या पाठीवर ओघळतं.

बेबीताई भगवानरावांकडे निंदणाला येत. सुट्टीच्या दिवशी त्यांची मुलगी समताही यायची. अकरावीतली पोर, नुकतं सोळावं सरलेलं. माझं दुखणं आधी तिलाच कळलं.

"काका, याचा वायसर गेला."

"येत्या बाजारी आनू," भगवानराव म्हणाले. दर आठवड्याला बाजार भरला, वायसर काही आला नाही.

मग चैत्र आला. आमच्याकडे या दिवसांत धुरे जाळतात, म्हणजे बांधावरचं वाळलेलं गवत. शहाणी माणसं संध्याकाळी वारा पडल्यावर जाळतात, आणि चारजण हिरव्या डहाळ्या घेऊन उभे राहतात. भगवानरावांना मात्र लग्नाला जायचं होतं. भर दुपारी त्यांनी आगपेटी समताच्या हातात दिली.

"काका, वारा सुटला. संध्याकाळी जाळलं तं?"

"धुराच तं हाय व पोरी, का जंगल हाय? पेटव. मी लग्न लावून येतो."

"मंग पंप तरी नेऊ द्या."

तिने मला विहिरीवर काठोकाठ भरलं, पाठीवर घेतलं आणि मग काडी ओढली. पुढचं सांगताना अजून माझा जीव तुटतो. वाऱ्याने आग धुऱ्यावरून उचलली आणि जंगलात टाकली. समता माझा दांडा हलवत तिच्यामागे धावली. माझं पाणी तिच्या पाठीवरून पायांत गेलं, आगीवर थेंब पडला नाही. विझवायला आलेले वनमजूर जानराव धुरात अडकले आणि दोन्ही पायांना भाजले. जंगल दोन दिवस जळत होतं.

भगवानरावांनी सरळ हात वर केले. "मी तं लग्नात होतो. पोरीनं आपल्या मनानं पेटवलं." समतावर मोठ्या गुन्ह्याचं कलम लागलं आणि मी मुद्देमाल झालो. गावात एकच ओरड, की सोळा वर्षांची आहे, आता कसली लहान? मोठ्यांसारखा खटला चालवा, मोठ्यांसारखी शिक्षा द्या. पोरीला भाकर गोड लागेना.

तिला मोठ्यांच्या न्यायालयात पाठवायचं की नाही, हे बाल न्याय मंडळ ठरवणार होतं. मला टेबलावर ठेवलं. सरकारी वकील माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तिने आधीच पंप भरून नेला. म्हणजे आग पसरेल हे तिला कळत होतं. हिला मोठ्या माणसाइतकी समज आहे."

मित्रांनो, माझ्या पत्र्याला अंगार लागला. अरे, पाणी नेलं हा तिचा गुन्हा? आणि पाण्याशिवाय काडी ओढायला लावणारा माणूस बाहेर बाकावर पान खात बसलेला! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. मला तोंड असतं तर!

मग काठी टेकत जानराव उभे राहिले.

"मॅडम, मले भाजलं हे खरं हाय. पन मले धुरातून ओढून काढलं ते ह्याच पोरीनं. मोठी मानसं धुऱ्यावर मोबाईल धरून उभी होती. काडी तिच्या हाती देल्ली कोनं, ते काऊन नाई इचारत कोनी?"

मंडळाच्या मॅडमनी माझ्यात पाणी भरायला लावलं आणि समताला दांडा हलवायला सांगितला. पाणी सगळं फरशीवर. समता तिथेच रडू लागली. "वायसर गेल्ला हे ठाऊक होतं, पन मले वाटलं होतं एवढ्यापुरता हा चालंन," एवढंच म्हणाली. मॅडमनी लिहून घेतलं, की फाटक्या पंपाच्या भरवशावर काडी ओढणं ही मोठ्या माणसाची समज नव्हे. खटला मुलांच्या मंडळातच राहिला. काही महिन्यांनी समुपदेशन आणि वनखात्याच्या रोपवाटिकेत काम, एवढ्यावर तो मिटला. भगवानरावांचा जबाब एका पानावर संपला होता.

मी परत गोठ्यात आलो. यंदाचा चैत्र आला. वाटलं होतं, भगवानराव काही शिकले असतील. छे! परवा भर दुपारी शेजारच्या कुलदीपला, सातवीतल्या पोराला, आगपेटी देऊन म्हणाले, "पेटव बे, धुराच तं हाय."

वाटेवरून जाणारी समता थांबली. तिने आगपेटी कुलदीपच्या हातातून काढून भगवानरावांच्या हातात ठेवली. "संध्याकाळी. अन् तुमी सोता." मग गोठ्यात येऊन मला बाहेर काढलं, दप्तरातून बाजारातून आणून ठेवलेला नवा वायसर काढला आणि उन्हात बसून माझ्या पोटात बसवला. दहा मिनिटांचं काम. मोठ्या माणसांना ते कधी जमलं नाही.

मित्रांनो, पंप जपा, धुरा वारा पडल्यावर जाळा, आणि पोरांच्या हातात काडी देऊ नका. आणखी एक हात जोडून सांगतो. तिने वायसर बसवला, एवढ्यावरून तिला पुन्हा मोठी ठरवायला निघू नका.