मशीन पाहण्याचा कार्यक्रम

दिग्रसच्या बसस्टँडामागे प्रियंकाचं रेडियमचं दुकान होतं आणि त्या वर्षी ते बरं चाललं होतं. कापसाला भाव नव्हता, पण कापसाला भाव का नाही हे पाहायला येणाऱ्यांना तोटा नव्हता. आज दिल्लीचं पथक, उद्या मुंबईचं, परवा कुठल्या तरी विद्यापीठाचं. पथक म्हटलं की गाड्या आल्या आणि गाड्या आल्या की काचेवर चिकटवायला 'पाहणी पथक' आलं. ती अक्षरं प्रियंकाची मशीन कापायची. जिल्ह्याचं दुःख पाहायला आलेला बहुतेक माणूस तिच्या अक्षरांमागे बसून गेला होता.

त्यामुळे तिला स्थळं येऊ लागली. शेतीवाल्या पोराला कोणी पोरगी देत नव्हतं, नोकरीवालं पोरगं कोणाला सापडत नव्हतं. अशा दिवसांत मशीनवाली पोरगी म्हणजे ओलिताची जमीन. उमरखेडचे देवराव आपल्या भाच्यासाठी, रोशनसाठी, विचारायला आले आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी प्रियंकाच्या वडिलांना, बाबारावांना, स्वच्छ सांगितलं, "हुंडा आम्ही घेत नाही. आमच्या तत्त्वात बसत नाही. फक्त पोरीसंगं मशीन येऊ द्या. तिले तिकडं करमलं पाह्यजे ना!"

बाबाराव गहिवरले. प्रियंकाची आई इंदूबाई तर डोळे पुसायला आत गेली. प्रियंका मात्र कोरडी राहिली. ती मशीन तिनं नागपूरहून एसटीनं आणली होती, दोन सीटांवर निजवून. कंडक्टरनं मशीनचं अर्धं तिकीट फाडलं होतं. आता ती उमरखेडला देवरावांच्या ओसरीत जाणार आणि पाटी देवरावांच्या नावाची लागणार, हे तिच्या कानावर आलं होतं. मशीन जाऊ द्यायची नाही, एवढं तिनं ठरवलं. पोराबद्दल तिचं काहीच मत नव्हतं. त्याच्याबद्दल अजून कोणी बोललंच नव्हतं.

कार्यक्रमाचा मुहूर्त लोडशेडिंगनं काढला. या घरात पंचांग कधीचंच बंद झालं होतं, पण लाइट जाण्याचं वेळापत्रक भिंतीवर होतं. त्यात सकाळी थोडा उजेड सापडला. पाहुणे यायच्या आत प्रियंकानं दोन कामं उरकली. या मशीनमध्ये वरचा रंगीत कागद कापला जातो, खालचा पांढरा शाबूत राहतो. मग अक्षर सोलून चिकटवायचं. तिनं ब्लेडचं टोक वाजवीपेक्षा जास्त बाहेर काढलं. शिवाय कागद पुढंमागं ओढणारे दोन रोलर असतात, त्यातल्या एकाच्या खटक्याखाली लाल रेडियमची घडी सारली, म्हणजे तो नीट दाबणार नाही.

देवराव रोशनला घेऊन आले, दुकानातच बसले, पोहे खाल्ले आणि पोरीकडे न पाहता उठले. त्यांनी मशीनभोवती फेरी मारली. पाठीवरून हात फिरवला. झाकण उचलून आत वाकले.

"दात कुठं हायेत हिचे?"

"ब्लेड असते, मामाजी. एकच."

"एकच?" देवरावांचा चेहरा पडला. "म्हणजे म्हातारी झाली."

"नाही जी, जन्मापासून एकच."

"बरं. चालवून दाखव. दोघांचं नाव काप."

मशीन घुरघुरली. ब्लेड रंगीत कागदातून पांढऱ्यात, पांढऱ्यातून आरपार गेलं. 'रोशन'मधला 'रो' फाटून देवरावांच्या पायावर पडला.

"जोर लय हाय हिच्यात," देवराव खूश झाले.

प्रियंकानं हे धरलं नव्हतं. तिनं पुन्हा बटण दाबलं. या वेळी कागद एका अंगानं सरकला आणि 'प्रियंका' घाट चढल्यासारखी वर वर गेली.

"तिरपी चालून राह्यली," बाबाराव घाबरून म्हणाले.

"नवा बैल असाच चालते," देवरावांनी समजूत घातली. "एका पायाखाली पुठ्ठा द्या. नाहीतर थोडं तेल पाजा." त्यांनी बैलाला मारावी तशी मशीनच्या पाठीवर थाप मारली. मशीननं आणखी तिरपं कापलं.

"नजर लागली असंन हो," इंदूबाई म्हणाली.

"आपल्यात नजर नसते," बाबाराव.

"मंग काय लागलं?"

"लोडशेडिंग."

देवरावांनी भाच्याला हाक मारली. "रोशन, ऊठ बे! आमचा पोट्टा मोटारी बांधते, बाबारावजी. विहिरीतल्या जळक्या मोटारी बोलत्या केल्या त्यानं. ही कोन्या झाडाचा पाला!"

नवऱ्या मुलाला काही येत असेल, ही शक्यता प्रियंकानं विचारातच घेतली नव्हती.

रोशन मशीनपुढे उकिडवा बसला. ब्लेड काढून त्यावर फुंकर मारली, टोक नखावर पाहिलं आणि आटा उलटा फिरवून टोक आत घेतलं. तुकड्यावर कापून पाहिलं, तर अक्षर सुटलं आणि पांढऱ्यावर ओरखडाही नाही. देवरावांनी मांडीवर थाप मारली. मशीन अर्धी उमरखेडला पोचली.

मग त्याचा हात खटक्याकडे गेला. तिथून त्यानं लाल घडी ओढली, मुठीत झाकली आणि कागद लावायला वाकलेल्या प्रियंकाला हळूच विचारलं, "ही तुम्ही घातली?"

"मशीन इथंच राह्यन."

"आन् तुम्ही?"

"मीही. मले तिकडं कोनाच्या ओसरीत मजूर नाही व्हायचं."

रोशननं क्षणभर मामांच्या पाठीकडे पाहिलं. याच मामांच्या ओसरीत तो रोज तांब्याची तार गुंडाळून मोटारी बांधत होता. त्यानं घडी पुन्हा खटक्याखाली सारली, मघापेक्षा घट्ट.

"मामा, आजार जुना हाय," तो उभा राहत म्हणाला. "एसटीचे गचके बसले का हिचा कणाच सरकन."

"मंग न्यायची कशी?"

"आता तर नाहीच."

देवराव विचारात पडले. बैल लंगडा निघाला तर माणूस दावं सोडून जातो. पण जळक्या मोटारींची फुशारकी त्यांनी आत्ताच चारचौघांत मारली होती.

"मंग तू इथंच थांब," त्यांनी हुकूम सोडला. "दुरुस्त झाल्याबिगर उमरखेडात पाय ठेवायचा नाही. मशीन अन् पोरगी संगंच घेऊन ये!" आणि ते पुसदवरून उमरखेडला जाणाऱ्या गाडीला पळाले.

रोशनचा मुक्काम शेजारच्या गॅरेजवाल्या रहेमानभाईंकडे झाला. ते सकाळ-संध्याकाळ त्याला विचारायचे, "कैसी है बीमार मशीन, दामादजी?" दुकानाच्या कोपऱ्यात त्यानं मोटारी बांधणं सुरू केलं. व्होल्टेज दिग्रसचंही वाईटच होतं, मोटारी इथंही जळायच्या. लग्न दिग्रसलाच झालं, कारण आजारी मशीन टाकून पोरीला जाता येईना. ही अडचण खुद्द देवरावांनीच सगळ्यांना पटवून दिली.

अजून दर इतवारी त्यांचा फोन येतो.

"झाली का रे?"

"होऊन राह्यली, मामा."

"मागून आवाज कायचा येते?"

"प्रियंका मशीन तपासून राह्यली."

"घाई करू नको. पक्की करूनच आण. दुखणं काय म्हणते?"

रोशन प्रियंकाकडे पाहतो. ती मान खाली घालून अक्षरं सोलत असते, एकही तिरपं नसलेली.

"काही नाही, मामा," तो म्हणतो. "एकटी ठेवली का बिघडते. जवळ माणूस लागते."